ताप उतरतो, गंड राहतो

मराठीत ‘गंड’ म्हणजे सूज, गाठ. गळ्याला आली की गलगंड, मानेवर माळेसारख्या गाठी उठल्या की गंडमाळ. मानसशास्त्राचे शब्द मराठीत आणताना कुणीतरी हाच ‘गंड’ उचलला आणि न्यूनगंड, अहंगंड, अपराधगंड अशी भावंडं तयार झाली. मी तीस वर्षं बडोद्यात मराठी शिकवलं. हे शब्द कितीदा तरी फळ्यावर लिहिले, मुलांकडून वाक्यांत उपयोग करून घेतले. पण अहंगंड आणि अपराधगंड ही एकाच जातीची सूज आहे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

याउलट जुना शब्द बघा. संतांच्या तोंडी अपराधगंड नाही, ते ‘अनुताप’ म्हणतात. पश्चात्तापही त्याच घरातला. दोन्हीत ताप आहे. ताप चढतो, अंग भाजून काढतो, घाम फुटतो आणि उतरतो. गंडाचं तसं नाही. तो फारसा दुखत नाही, सावकाश वाढत राहतो, आणि माणूस पदर सारखा करून त्याच्यासकट फोटोला उभा राहायला शिकतो.

अपराधीपणाचं ओझं कसं उतरवायचं, अहंकार कसा सोडायचा, यावर आपल्याकडे प्रवचनांना तोटा नाही. ‘आत्मशोध’ हा शब्द ऐकला की मला स्वतःला पूर्वी जांभई यायची. म्हणून इथे मी आधी माझीच गोष्ट सांगते आणि तिला धरून परंपरेत काय म्हटलंय ते उलगडते. गोष्ट काही भूषणावह नाही.

१९९४ साल, सातवी ब. पावागढची सहल ठरली होती, प्रत्येकी पस्तीस रुपये. मधल्या सुट्टीनंतर बघते तर पाकीट जागेवर नाही. दहा जणांचे साडेतीनशे रुपये होते त्यात. सुट्टीभर वर्गात एकच मुलगा थांबला होता. त्याचे वडील सायकली दुरुस्त करायचे. (पहिल्या वाक्याला लागून हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यात का यावं, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.) मी त्याला पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर दप्तर टेबलावर पालथं करायला लावलं. दोन वह्या, झाकण तुटलेली कंपासपेटी, गोट्या, आणि एका पत्र्याच्या डबीत सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात त्या रबरी नळ्यांचे तुकडे. गोट्या घरंगळून खाली पडल्या, वर्ग हसला. ‘‘कुठे लपवलंस?’’ असं मी तीनदा विचारलं. तो रडला नाही. एकेक वस्तू उचलून दप्तरात भरत राहिला, नळ्यांचे तुकडे तर मोजून.

संध्याकाळी घरी पाकीट सापडलं. हजेरीपटाला घातलेल्या खाकी कव्हराच्या आत सरकलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी म्हटलं, ‘‘सहलीचे पैसे मिळाले बरं का,’’ आणि फळ्याकडे वळून तारीख लिहिली. संपलं. तो सहलीला आला नाही.

पुढची बावीस वर्षं मी या गोष्टीचं काय केलं, ते सांगण्यासारखं आहे. चाचणी परीक्षेत त्याला दोन मार्क जास्त दिले. दर गुरुवारी दत्तमंदिरात करुणात्रिपदीला हमखास रडले. गरुडेश्वरला, जिथे टेंबे स्वामींनी १९१४ साली नर्मदाकाठी देह ठेवला, तिथे दरवर्षी जाऊन डोकं टेकवलं. ही करुणात्रिपदी त्यांचीच रचना. अपराध पदरात घे, शांत हो, आमचं चित्तही शांत कर, अशी दत्तगुरूंना केलेली विनवणी. रडून मोकळं वाटायचं. घरी येऊन मी भाजी टाकायचे. दरवर्षी एका गरजू मुलाची फी भरायचे. पुढे पुढे त्याची बातमी झाली, एका समारंभात शाल-श्रीफळ मिळालं, आणि त्या व्यासपीठावरून मी भाषणात सांगितलं की माझ्या हातून एकदा एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला, त्या चुकीनेच मला खरी शिक्षिका बनवलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या दोघी डोळे पुसत होत्या.

निवृत्तीनंतर डांडिया बाजारातल्या आमच्या वाचनमंडळात हीच गोष्ट मी पुन्हा सांगितली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत आमच्यात, मोजकं बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग त्या मुलाचं पुढे काय झालं?’’

मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत मला हा प्रश्नच पडला नव्हता.

अहंकार म्हणजे गर्व नव्हे

इथे पहिला गैरसमज दूर करायला हवा. बोलताना आपण अहंकार हा शब्द गर्व, ताठा, घमेंड या अर्थाने वापरतो. ‘फार अहंकार आलाय हो त्याला, गाडी घेतल्यापासून.’ शास्त्रात तो अर्थ नाही. अहं-कार म्हणजे ‘मी’ असं करणारा, प्रत्येक गोष्टीला ‘मी’ जोडणारा. वेदान्तात अंतःकरणाचे चार विभाग सांगतात: मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार. शाळेच्या भाषेत सांगायचं तर मन म्हणजे शिपाई, बाहेरून चिठ्ठ्या आणतो, कुठली खरी कुठली खोटी हे त्याला कळत नाही. बुद्धी म्हणजे मुख्याध्यापक, निर्णय देते. चित्त म्हणजे जुन्या दप्तरांचं कपाट, एकदा आत गेलेलं बाहेर फेकलं जात नाही. आणि अहंकार म्हणजे शिक्का घेऊन बसलेला हेडक्लार्क. येईल त्या कागदावर ‘माझं’ असा शिक्का मारणं हे त्याचं काम.

हा क्लार्क वाईट नाही. तो नसता तर भूक कुणाला लागली, काटा कुणाला टोचला, हेसुद्धा समजलं नसतं. अडचण एवढीच की कागदावर काय लिहिलंय ते तो वाचत नाही. ‘सत्कार’ आला, मार शिक्का: माझा सत्कार. ‘पाप’ आलं, मार शिक्का: माझं पाप. शाई तीच, ठसाही तोच. म्हणून ‘माझ्यासारखा कुणी नाही’ म्हणणारा आणि ‘माझ्यासारखा पापी कुणी नाही’ म्हणणारा यांच्यात फार अंतर नसतं. दोघंही रांगेत पहिल्या नंबरला उभे.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात याबद्दल मार्मिक निरीक्षण आहे. अहंकाराची मोठी नवलाई अशी की तो अडाण्याच्या फारसा मागे लागत नाही, जाणत्याच्या गळ्याला मात्र मिठी मारतो. पश्चात्ताप करणारा माणूस जाणताच असतो ना? आपलं चुकलं हे त्याला कळलेलं असतं. म्हणूनच तो सोपं सावज.

पतंजलींनी याच गोष्टीला ‘अस्मिता’ म्हटलं आहे. पाहणारा वेगळा आणि पाहण्याचं साधन वेगळं, पण दोन्ही एकच वाटायला लागणं, ही अस्मिता, आणि योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक आहे. आम्हा बडोद्याच्या मराठी मंडळींना अस्मिता हा शब्द भारी प्रिय, दर कार्यक्रमात दोनतीनदा येतो. तो क्लेशांच्या यादीतला आहे असं एकदा मंडळात सांगितलं तर चहा थंड होईपर्यंत वाद चालला.

मानसशास्त्रात हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन विदुषीने १९७१ मध्ये एक भेद दाखवला, तोही इथे कामाचा आहे. ‘मी हे केलं’ असं वाटणं वेगळं आणि ‘मी हे केलं’ यात ‘मी’वर जोर येणं वेगळं. पहिल्यात लक्ष कृत्यावर असतं, म्हणून काहीतरी दुरुस्त करावंसं वाटतं. दुसऱ्यात आख्खा माणूसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, आणि मग त्याला लपावंसं वाटतं. मराठीत ‘अपराधी वाटतंय’ हे एकच वाक्य आपण दोन्हीला वापरतो, त्यामुळे ताप कुठला आणि गंड कुठला हे आपलं आपल्यालाही कळत नाही.

काकांच्या प्रश्नानंतर घरी आले आणि तो प्रसंग कागदावर लिहून काढला, आठवेल तसा, एक पान. मग तपासायची लाल पेन्सिल घेतली आणि ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ यांना गोल केले. एकतीस गोल निघाले. ‘तो’, ‘त्याला’ मिळून चार. त्याचं नाव एकदाही नाही. माझ्या शोकांतिकेत नायिका मी, खलनायिका मी आणि प्रेक्षकही मीच होते. तो मुलगा नुसता नेपथ्याला.

ज्याला मनात काही सलतंय त्याने हा प्रयोग करून पाहावा असं मी सांगते. पंधरा मिनिटं लागतात. कागद कुणाला दाखवायचा नाही.

पाचातला एक

आता दुसरं टोक. आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान गेले ते झोपेत. रात्री दोनला छातीत जळजळतंय म्हणाले, काकूंनी ओवा दिला, पहाटे सगळं संपलं होतं. काकू आजही म्हणतात, ‘‘मीच मारलं त्यांना. तेव्हाच नेलं असतं तर?’’

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. लगेच पुढे म्हटलंय की असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. काकूंच्या रात्रीला हे लावून बघू. अधिष्ठान म्हणजे ज्या देहात ते घडलं तो देह, अडुसष्ट वर्षांचा, आतल्या रक्तवाहिन्यांचा हिशोब कुणालाच न कळलेला. कर्ता काकू, बरोबर. करण म्हणजे हाताशी असलेली साधनं: ओव्याची बाटली आणि याआधी तीनदा ते पित्तच निघालं होतं ही आठवण. चेष्टा म्हणजे त्या घडीला चाललेल्या सगळ्या हालचाली, त्यात खुद्द यजमानांचं ‘‘काही नाही गं, झोप तू’’ हेही आलं. आणि दैव. पाचातली एक जागा काकूंची. त्या मात्र पाचही जागांवर स्वतःलाच बसवतात.

हा गणिताचा पाचवा हिस्सा नव्हे, हे उघड आहे. मुद्दा असा की ‘सगळं माझ्यामुळे’ हे वाक्य दिसायला नम्र असलं तरी त्यात केवढी सत्ता गृहीत धरली आहे! जणू यमाचं वेळापत्रक काकूंच्या ओट्यावर ठेवलं होतं. शिवाय निकाल कळल्यावर ‘हे आधीच दिसत होतं’ असं वाटणं हा मनाचा जुना खोडसाळपणा. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये तो प्रयोगांनी दाखवून दिला. रात्री दोनच्या काकूंना सकाळी सहाची माहिती नव्हती.

मी माझ्या प्रकरणाला पाच कारणं लावायला बसले तेव्हा मात्र वेगळंच झालं. पहिल्या दिवसाची वाटणी होत होती. कव्हर सैल होतं, वर्ग रिकामा होता, मुख्याध्यापकांचा धाक होता, आणि मी घाई केली. दुसऱ्या दिवसाची वाटणी काही केल्या होईना. पैसे मिळाल्याचं मला माहीत होतं, तो समोर तिसऱ्या बाकावर बसला होता, वेळ होता, वर्ग शांत होता. तरी मी फळ्याकडे वळले. आणि गंमत बघा, बावीस वर्षं मी रडत आले ते पहिल्या दिवसावर. दप्तर, गोट्या, हशा. दुसऱ्या दिवसाची त्या लिहिलेल्या पानावर एकच ओळ होती.

हेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गंड हा नेहमी ठणकणाऱ्या जागी नसतो. गैरसमजातून घडलेल्या चुकीवर अश्रू ढाळणं परवडतं, कारण तिथे थोडी सबब असते. जिथे सबब नाही तिथे अहंकार आपल्याला फिरकूच देत नाही, दुसऱ्या खोलीत दिवा लावून ठेवतो.

याच गीतेतली ‘मी कर्ता नाही’ ही ओळ सोयीने वापरणारेही पुष्कळ भेटतात. भावाचा वाटा दाबून बसलेल्या एका गृहस्थांना मी स्वतः ऐकलंय, ‘‘करता करविता तो आहे, आपण निमित्त.’’ पाचही जागा स्वतः घेणं आणि पाचही रिकाम्या ठेवणं, दोन्हीकडे लबाडी तीच. आपली जी एक जागा आहे तिच्यावर गुपचूप जाऊन बसणं अवघड.

रात्री तीनचं काय?

समजलं म्हणून सुटलं असं होत नाही. रात्री तीनला जाग येते आणि तेच चित्र पुन्हा सुरू. इथे बडोद्यातलीच एक हकिकत उपयोगी पडते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानच्या नोकरीत होते, कॉलेजात शिकवायचे. डांडिया बाजारातलं अरविंद निवास त्यांच्याच नावाचं. १९०७ च्या अखेरीला सुरतेची काँग्रेस उधळली, त्यानंतर ते पुन्हा बडोद्याला आले, आणि इथे त्यांची गाठ विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी पडली. एका वाड्याच्या माडीवर दोघं तीन दिवस बसले. लेल्यांनी दिलेली सूचना अगदी साधी होती. बसा आणि नुसतं बघा, विचार आपले नसतात, ते बाहेरून आत येतात. आत शिरण्याआधीच त्यांना परतवून लावा. अरविंदांनी पुढे स्वतः सांगितलंय की तीन दिवसांत मन निःशब्द झालं. १९०८ च्या जानेवारीत मुंबईला भाषण होतं आणि डोक्यात एकही विचार नाही. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, येईल.

आपलं तीन दिवसांत काही होणार नाही. मला तीन मिनिटं जमायला वर्ष लागलं. पण ‘विचार येतो’ एवढं दिसायला लागलं तरी फरक पडतो. सकाळी दूध तापायला ठेवून ओट्याशी स्टुलावर बसायचे. ‘तू नीच आहेस’ हा विचार साधारण साय धरायच्या सुमारास यायचा. काही दिवसांनी लक्षात आलं की त्याची वेळ ठरलेली आहे, वाक्य ठरलेलं आहे, आवाजही ठरलेला, माझ्या आजीचा. जे ठरल्या वेळी येतं आणि जातं ते पाहुणं. घरात कायम कोण आहे मग? जे त्याला येताना बघतं ते. त्याला साक्षी म्हणतात. तुकोबांनी ‘मन केलें ग्वाही’ म्हटलंय. ग्वाही म्हणजे साक्षीदार. साक्षीदार वकिली करत नाही, निकालही देत नाही, पाहिलेलं तेवढं सांगतो.

मेंदूच्या अभ्यासकांनाही याचा थोडा माग लागला आहे. आपण रिकामे बसलो की मेंदूचे काही भाग मिळून स्वतःविषयीचं दळण दळत बसतात. त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात, हे नाव २००१ मध्ये पडलं. २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या एका अभ्यासात मुरलेल्या ध्यानी माणसांमध्ये ही चक्की मंद चाललेली दिसली. यावरून आत्मा सिद्ध होतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. दळण कमी होतं, एवढंच.

निसर्गदत्त महाराजांची वाट मला जास्त जवळची, कारण ती व्याकरणाची आहे. मुंबईत खेतवाडीला राहणारे, विडीच्या दुकानावर पोट असलेले हे गृहस्थ मराठीत निरूपण करायचे. त्यांचं सांगणं, ‘मी आहे’ या जाणिवेपाशी थांबा. आता वाक्य बघा. ‘मी’ सर्वनाम, ‘आहे’ क्रियापद. वाक्य पूर्ण झालं. पण आपल्याला राहवत नाही, मधे विशेषण घुसवतो. मी वाईट आहे, मी आदर्श शिक्षिका आहे. सर्वनाम सत्तर वर्षं तेच राहिलं, क्रियापदही तेच, विशेषणं मात्र किती आली आणि गेली! महाराज म्हणतात तो आत्मशोध म्हणजे विशेषण खोडून वाक्य पुन्हा वाचणं.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘मी पोळी खाते’ यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. भूतकाळात जा: ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. क्रियापदाने कर्त्याला सोडलं आणि कर्माचा हात धरला. तीस वर्षं कर्मणी प्रयोग शिकवला, तरी यातली खोच दिसली नव्हती. करून झालेली गोष्ट करणाऱ्याची राहत नाही, ज्याच्यावर घडली त्याच्याबरोबर ती निघून जाते. मी मात्र ती माझ्याकडे धरून बसले होते.

एक गोष्ट मधेच, पण स्पष्ट सांगते. कारण नसताना किंवा कारणाच्या कितीतरी पट अपराधी वाटत राहणं, झोप-जेवण उडणं, जगणं नकोसं होणं, हे नैराश्याचं लक्षण असू शकतं. तिथे ध्यानाला बसवू नका, डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास. गोळी घेतल्याने अध्यात्म बाटत नाही.

बोलून टाकणं

प्रायश्चित्त म्हटलं की उपास, दान, तीर्थयात्रा डोळ्यांसमोर येते. मनुस्मृतीविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, पण प्रायश्चित्ताच्या अकराव्या अध्यायातला एक श्लोक वाचून मी चपापले. पापातून सुटण्याचे मार्ग त्यात दिलेत: ख्यापन, अनुताप, तप, अध्ययन, आणि अडचण असेल तर दान. दान शेवटी, तेही बाकीचं जमत नसेल तर. आणि सगळ्यांत आधी ख्यापन, म्हणजे उघड सांगणं. मी शेवटच्या पायरीवर बावीस वर्षं पाट मांडून बसले होते.

आमच्या मजल्यावर एक जैन कुटुंब आहे. गणेशचतुर्थीच्या आगेमागे त्यांची संवत्सरी येते, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायचा दिवस. आमच्याकडे मोदकांची उकड निघत असते आणि दारात त्यांच्या आजी हात जोडून उभ्या, ‘‘मिच्छामि दुक्कडम्.’’ माझं दुष्कृत मिथ्या होवो, निष्फळ ठरो, असा त्याचा अर्थ. मला वर्षानुवर्षं तो ‘हॅपी दिवाळी’सारखा रिवाज वाटत आला. एका वर्षी त्या म्हणाल्या, ‘‘मार्चमध्ये पाण्याच्या टाकीवरून मी तुमच्या सुनेला बोलले होते, त्याचं.’’ तारीख, विषय, नाव. सुनेला बाहेर बोलावून तिच्यासमोर म्हणाल्या. स्वतःला किती वाईट वाटलं याचा त्यात एक शब्द नव्हता. त्या दिवशी जैन लोक करतात ते प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणं, जिथून वाट चुकली तिथवर उलट चालत जाणं. देवळात नाही, त्या माणसाच्या दारात.

तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगात हेच निराळ्या रीतीने येतं. दुष्काळात बायको गेली, धंदा बुडाला, जिवाला लाज वाटू लागली, हे सगळं ते दोनचार ओळींत उरकतात. मग? ‘देवाचें देऊळ होतें जें भंगलें, चित्तासी जें आलें करावेंसें.’ समोर पडकं देऊळ होतं, ते नीट करावंसं वाटलं. लाजेवरून लक्ष उठलं आणि पडलेल्या भिंतीकडे गेलं. अनुताप उतरल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

त्या मुलाचा पत्ता शोधायला फार वेळ लागला नाही. शोधायचाच नव्हता म्हणून बावीस वर्षं लागली होती. प्रतापनगरच्या बाजूला त्याचं दुचाकींचं गॅरेज आहे. पोरगेला चेहरा ओळखू आला नाही, मोजून वस्तू ठेवायची सवय आली. सुटे नट तो एका डबीच्या झाकणात रांगेने मांडत होता. ‘‘बाई! बसा ने,’’ म्हणाला, एका पोराला चहाला पिटाळलं. मी घोकून गेलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, ‘‘सातवीत मी तुला चोर ठरवलं. पैसे माझ्याच हजेरीपटात होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते सांगितलं नाही.’’

तो फडक्याला हात पुसत राहिला. ‘‘माहितीये बाई. चोर म्हणालात त्याचं तेवढं नाही. दप्तर तर घरी पण रोज पप्पा बघायचे. दुसऱ्या दिवशी तुम्ही ‘पैसे मिळाले’ म्हणालात आणि फळ्याकडे वळलात. मला वाटलं, तारीख लिहून झाली की माझं नाव घेतील.’’

चहा आला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही मागितलं नाही. उठताना म्हणाला, ‘‘मला सांगून काय बाई, मला तर माहीतच होतं. बाकीच्यांना नाही माहीत.’’ मग फोन काढला. त्यांच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सदतीस जण, नाव ‘सातवी ब’. त्याने मला त्यात घेतलं.

घरी येऊन लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात ‘इतकी वर्षं माझ्या मनाला लागून राहिलं होतं’ असं होतं. लाल पेन्सिल नव्हती, बोटानेच खोडलं. ‘कृपया मला’ही खोडलं. उरलं ते असं: ‘१९९४ च्या पावागढच्या सहलीचे पैसे’, पुढे त्याचं नाव, ‘याने घेतले नव्हते. ते माझ्या हजेरीपटाच्या कव्हरात सापडले होते. हे मी दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगायला हवं होतं.’

बराच वेळ काहीच आलं नाही. मग एकीने हात जोडलेलं चिन्ह टाकलं. एकाने विचारलं, ‘कुठली सहल?’

त्याचं उत्तर त्यानेच दिलं. ‘पावागढ. मी आलो नव्हतो.’